गिटारीचा टवका

आम्ही बदनापूर तालुक्यातल्या एका बचत गटाच्या बाया. आज आम्ही इलेक्ट्रिक गिटारीवर बोलणार आहोत. हसू नका. आमच्यातल्या एकीलाही गिटार वाजवता येत नाही. एकीला पेटी येते, दोघींना टाळ, बाकीच्या नुसत्या टाळ्या. पण गेल्या महिन्यात एक लाल गिटार आमच्या गटात आली आणि महिनाभर मुक्कामाला राहिली, त्याची ही गोष्ट.

गटातल्या एका ताईची लेक अकरावीला आहे. जालन्याला एका सरांकडं ती गिटार शिकते. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात वाजवायला सरांनी स्वतःची गिटार तिला दिली. कार्यक्रम झोकात झाला. येताना काळीपिवळीत ही गर्दी, गिटारीला नुसतं पातळ कापडी कव्हर, आणि ती सीटच्या लोखंडी दांडीवर आपटली. घरी येऊन चेन उघडली तर खालच्या कडेला अंगठ्याच्या नखाएवढा रंगाचा टवका उडालेला. आतलं लाकूड दिसत होतं. पोरगी त्या रात्री जेवली नाही.

पुढं महिन्याची बैठक. ताईनं दोन हजारांचं अंतर्गत कर्ज मागितलं. कशाला, तर म्हणली दवाखान्याला. आता आमच्या गटात कोण कधी खोकलं ते सगळ्यांना माहीत असतं. कोण आजारी आहे विचारलं, तेव्हा ती रडायलाच लागली. तिच्या मनात असं होतं की जालन्यात कुठंतरी गुपचूप रंग मारून घ्यायचा आणि सरांना द्यायची. आमच्यातल्या चौघी-पाचजणी लगेच म्हणाल्या, बरोबर आहे, कोणाला कळतंय!

तेवढ्यात आमच्यातली थोरली अक्का म्हणाली, "पेटीचं इसरल्या का?"

पेटीचं असं. करोनाच्या दिवसांत देवळातली पेटी आम्हीच सॅनिटायझरनं पुसली होती. हेतू चांगला होता. पण जुन्या पेटीवरचं पॉलिश लाखेचं असतं. चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून ते करतात, आणि सॅनिटायझरमध्ये तरी काय असतं, अल्कोहोलच. वरचं पॉलिश आधी चिकट झालं, मग पांढुरके डाग पडले. भजनाला पेटी वाजवणाऱ्या पोरावर बोल आला, की याचेच हात घामेजतात, यानंच पेटी खराब केली. तो काही बोलला नाही. आम्हीही बोललो नाही. हळूहळू तो भजनाला यायचा बंद झाला.

अक्का एवढंच म्हणून गप्प बसली. मग ताईनं तिथंच, सगळ्यांच्या देखत सरांना फोन लावला.

सरांनी पहिलं काय विचारलं? "वाजते ना?" वाजत होती. मग म्हणाले, घाबरू नका. इलेक्ट्रिक गिटारीचा आवाज लाकडाच्या पोकळीतून येत नाही. अंग भरीव असतं. पोलादी तारा हलतात, त्यांच्याखाली लोहचुंबकावर तांब्याची बारीक तार गुंडाळलेली असते, तिला पिकअप म्हणतात. तारांची थरथर तिथं विजेत उतरते आणि पुढं स्पीकरमधून ऐकू येते. रंगाच्या टवक्यानं आवाजाला काही होत नाही. पण उघड्या लाकडाला दमट हवा लागते आणि कडेचा रंग पुढं सुटत जातो, म्हणून बुजवलेलं बरं. तुम्हीच बुजवा, म्हणाले, महिनाभर राहू द्या, फक्त सांगतो तसं करा. आणि घरात नखपॉलिश आहे का?

आहे का म्हणजे! हळदीकुंकवाच्या वाणातल्या सात बाटल्या निघाल्या.

नखपॉलिश आणि गिटारीचा रंग यांचं नातं सरांनी सांगितलं तेव्हा आम्ही अवाक् झालो. दोन्हींच्या मुळाशी कापूस आहे. आपलाच, जो आपण कंबर मोडेस्तोवर वेचतो. जिनिंगमध्ये रुई निघाल्यावर सरकीला जी बारीक लव राहते, तिला लिंटर म्हणतात. ती नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लात मुरवली की नायट्रोसेल्युलोज होतं. १८४६ साली शोनबाइन नावाच्या शास्त्रज्ञानं ते जगापुढं आणलं. आम्ल सांडलं म्हणून त्यानं बायकोच्या सुती एप्रननं पुसलं, तो वाळत टाकला, आणि एप्रन भप्पकन जळून गेला, अशी गोष्ट सांगतात. बायको काय म्हणाली, ते गोष्टीत येत नाही. आधी त्याची बंदुकीची दारू झाली. १९२३ मध्ये अमेरिकेत त्याच पदार्थाचा रंग मोटारींना लागला, पुढं गिटारींना लागला, आणि बायांच्या नखांनाही. म्हणूनच नखपॉलिश चुलीजवळ, दिव्याजवळ उघडायचं नाही.

आता काम. आधी गिटार कोणत्या रंगाची ते बघायचं. जुन्या किंवा महागड्या गिटारींवर हाच नायट्रोचा रंग असतो. हल्लीच्या बहुतेकांवर पॉलिस्टर नाहीतर पॉलियुरेथेनचा कडक थर असतो. मागच्या प्लास्टिकच्या झाकणाखाली, जिथं दिसत नाही तिथं, नखपॉलिश काढायच्या रिमूव्हरचा एक थेंब कापसाच्या काडीनं टेकवायचा. चिकट झालं तर नायट्रो. मग रिमूव्हर पुन्हा जवळ आणायचा नाही, आणि गिटार मोलाची असेल तर कारागिराकडंच द्यायची. आमची काही चिकट झाली नाही. (सतार-तंबोऱ्यावर मात्र यातलं काहीच करू नका. त्यांचं पॉलिश पेटीसारखं लाखेचं. मिरजेचे कारागीर ते पिढ्यान्‌पिढ्या करतात, त्यांच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालंय. ते त्यांनाच करू द्यावं.)

वायर काढली, तारा सैल केल्या. जागा ओल्या मऊ फडक्यानं पुसून पूर्ण वाळू दिली. कडेचे सुटत आलेले पोपडे सुईच्या टोकानं अलगद काढले. ते ठेवले तर वरचा नवा रंगही घेऊन पडतात. टवक्याभोवती चिकटपट्टी लावली. शेड जुळवताना खरी मजा. ओला रंग वेगळा दिसतो, वाळलेला वेगळा, म्हणून आधी दहीच्या डब्याच्या पांढऱ्या झाकणावर ठिपके लावून वाळवून बघितले. एकही शेड बरोबर येईना. शेवटी कुंकवाच्या लालात जरासं मरून घातलं.

रंग दात कोरायच्या काडीनं लावायचा, ब्रशनं फासायचा नाही. एक थेंब खड्ड्यात सोडायचा, तो पसरतो. सकाळी एक थर, संध्याकाळी एक. वाळताना तो आकसून खाली बसतो, म्हणून एका थरात खड्डा कधीच भरत नाही. रंगावर बिनरंगी नखपॉलिशचे थर, ते आजूबाजूच्या रंगापेक्षा केसभर वर येईपर्यंत. काही लोक वरचा थर फेविक्विकचा देतात. द्यायचा तर दारं-खिडक्या उघडून, आणि ते सुती कपड्यावर सांडू देऊ नका. सुतावर ते एकदम तापतं, चटका बसतो.

मग आठ दिवस हात लावायचा नाही. इथंच आम्ही घसरलो. एकीनं तिसऱ्याच दिवशी पेपर फिरवला. वरून कडक वाटलं तरी आत ओलंच होतं, सगळा गोळा निघून हातात आला. पुन्हा पहिल्यापासून. (ती कोण हे सांगणार नाही. ती आत्ता शेजारीच बसलीय.)

दुसऱ्यांदा आठ दिवस थांबलो. मग वॉटर पेपर खोडरबराला गुंडाळून, साबणाच्या पाण्यात भिजवून हलक्या हातानं घासलं. आधी १००० नंबर, मग १५००, मग २०००. फक्त उंचवट्यावर. बाजूच्या रंगाला पट्टीचं संरक्षण होतं, ती अगदी शेवटी काढली. जागा धुरकट दिसायला लागली तेव्हा ताईचा चेहरा उतरला, पण ते तसंच होतं. पांढरी टूथपेस्ट मऊ फडक्यावर घेऊन गोल गोल फिरवली, जेलवाली नाही, आणि चकाकी आली. सगळा खर्च शंभराच्या आत. कर्जाचा अर्ज ताईनं परत घेतला.

सरांनी गिटार उजेडात धरली, डोळे मिटून कडेवर बोट फिरवलं. बोटाला जागा लागली नाही. डोळे उघडल्यावर मात्र लगेच सापडली. "एक छटा गडद झालीय," म्हणाले. आम्हालाही ती दिसते. पोरीचा क्लास सुरू आहे, आणि सरांनी तिला जाड कव्हर घ्यायला लावलंय.

पेटीचं राहिलं होतं. आम्ही चौघी मागच्या एकादशीला त्या पोराच्या घरी गेलो आणि सांगितलं की पॉलिश आमच्या हातानं गेलं. त्याची आई चहा ठेवायला उठली होती, ती तशीच पुन्हा बसली. पोरगा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, मला माहीत होतं, त्या दिवशी सॅनिटायझरचा वास येत होता. पेटी पॉलिशला जालन्याला द्यायची आहे. गटानं माणशी पन्नास रुपये काढलेत. कुणाकडं न्यायची हे तो ठरवणार आहे, आणि घेऊन जायला आमच्यातल्या दोघी त्याच्याबरोबर जाणार आहेत. भजनाला येशील का, हे अजून आम्ही त्याला विचारलेलं नाही.