श्रम आणि व्यायाम

(धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त रविवारच्या मिस्सानंतर बजाजनगर येथे जमलेल्या मंडळींपुढे केलेले भाषण)



ज्युबिलीच्या प्रसंगी धर्मगुरूने गतवर्षांचा आढावा घ्यावा, दात्यांचे आभार मानावे आणि आशीर्वाद देऊन खाली बसावे, अशी रीत आहे. आभाराचे काम उत्सव-समितीने अगोदरच उत्तम प्रकारे उरकले असल्यामुळे आम्हांस दुसऱ्या एका विषयाकडे वळण्याची मोकळीक मिळाली आहे. तो विषय आपल्या शरीराचा होय. ज्या देहास संत पौलाने पवित्र आत्म्याचे मंदिर म्हटले, त्याच्याविषयी या वेदीसमोर बोलण्यात काही अनुचित आहे, असे आम्हांस वाटत नाही.

निमित्त असे. या वसाहतीत ज्या घरांच्या दुःखात आम्ही सहभागी झालो, त्यांत पन्नाशीच्या आतच हृदयविकाराने गेलेल्या कर्त्या पुरुषांची घरे थोडी नाहीत. अशा घरी बसले असता एक प्रश्न हटकून कानी येतो. ‘‘फादर, हा तर रोज आठ-आठ तास राबणारा माणूस. बसून खाणाऱ्यास हा रोग व्हावा. ह्यास कसा झाला?’’ या प्रश्नात शोक आहे, तशी एक समजूतही आहे. ती ही की, श्रम म्हणजेच व्यायाम. ज्याने दिवसभर घाम गाळला, त्यास निराळा व्यायाम कशास हवा? ही समजूत कितपत खरी, याचा शोध पुष्कळ विद्वानांनी घेतला आहे व तो ऐकण्यासारखा आहे.

आरंभ लंडन शहरापासून करू. तेथे जेरेमी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी दुमजली बसगाड्यांवरील सुमारे एकतीस हजार नोकरांची पाहणी केली व तिचे निष्कर्ष १९५३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रात प्रसिद्ध केले. ड्रायव्हर दिवसभर बसून गाडी हाकी. कंडक्टर तिकिटे देत रोज पाचशेहून अधिक पायऱ्या चढे-उतरे. दोघांचा मालक एक, रस्ते तेच, पगारही फारसा भिन्न नाही. परंतु हृदयविकार ड्रायव्हरांत अधिक व कंडक्टरांत कमी आढळला. मॉरिससाहेब येवढ्यावर थांबले नाहीत. ड्रायव्हर मुळातच स्थूल असतील, ही शंका त्यांना आली व त्यांनी चक्क गणवेशांच्या पाटलोणींची कंबरमापे तपासली. ती मापे ड्रायव्हरांची खरोखरच मोठी निघाली, आणि तसे त्यांनी १९५६ साली छापूनही टाकले. आपल्याच सिद्धांतास अडचणीची ठरणारी गोष्ट शोधून ती जगापुढे मांडणारा संशोधक आम्हांस फार आदरणीय वाटतो.

तर मग श्रम हाच व्यायाम, हे सिद्ध झाले म्हणावयाचे काय? नाही. डेन्मार्क देशात आंद्रेआस होल्टरमान व त्यांचे सहकारी यांनी कोपनहेगन परिसरातील एक लक्षाहून अधिक स्त्री-पुरुषांच्या माहितीचा अभ्यास करून २०२१ साली जे प्रसिद्ध केले, ते वाचून आम्ही क्षणभर थबकलो. फावल्या वेळात जे जितके अधिक चालत, खेळत वा पोहत, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण तितके कमी. हे अपेक्षितच होते. परंतु कामावर ज्यांचे श्रम अतिशय जड, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण हलके काम करणाऱ्यांपेक्षा सुमारे सत्तावीस टक्क्यांनी अधिक! धूम्रपान, शिक्षण, मिळकत इत्यादींचा हिशेब वजा करूनही हा फरक उरला. यावर सर्व पंडितांचे एकमत नाही, हेही सांगितले पाहिजे. त्याच वर्षी नॉर्वेतील एका मोठ्या अभ्यासात श्रमाचे काम करणाऱ्या पुरुषांचे आयुष्य कमी नसल्याचे दिसले. वाद चालू आहे. पण ‘आम्ही राबतो, म्हणून आम्ही सुरक्षित’ असे छातीठोकपणे म्हणण्याची सोय मात्र आता राहिलेली नाही.

हे असे का व्हावे? होल्टरमान यांनी दिलेली कारणे आपल्या कामगारांस चटकन पटतील. व्यायामात हृदय काही मिनिटे जोराने धावते आणि मग त्यास विसावा मिळतो. या आलटापालटीनेच ते बळकट होते. कारखान्यात ते तासन्‌तास थोडे थोडे ताणलेले राहते. जोर येण्याइतका वेग नाही, आणि विसाव्याइतकी उसंतही नाही. वजन उचलताना व एकाच ठिकाणी खिळून उभे राहताना रक्तदाब चढतो. शिवाय दमल्यावर थांबणे व्यायाम करणाराच्या हाती असते. लाईन चालू असताना ते कामगाराच्या हाती नसते.

वाळूजला १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. त्याच्या मागोमाग आणखी कारखाने आले आणि वैजापूर, गंगापूर व त्यापलीकडील खेड्यांतून माणसे येथे येऊन राहिली. त्यांचे वडील शेतात राबत; तेही कष्टच. परंतु त्या कष्टांत चालणे होते, वाकणे होते, बैलामागे फिरणे होते, आणि उन्हाळ्यात झाडाखाली टेकणेही होते. पुत्र लाईनवर उभा राहून एकच हात एकाच दिशेने दिवसातून शेकडो वेळा फिरवितो. त्याचा खांदा झिजतो आणि छाती मात्र तशीच दुबळी राहते. पाळी बदलली की झोपही बदलते. पित्याचे श्रम व पुत्राचे श्रम यांस आपण एकच शब्द लावतो खरा. शरीर तसे मानीत नाही.

‘आम्ही तर किडकिडीत, आम्हांस काय होणार?’ असे म्हणणाऱ्यांस पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांची गोष्ट सांगितली पाहिजे. त्यांनी व इंग्लंडमधील डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये दोघांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले. उंचीच्या मानाने वजन काढण्याचा जो आकडा आहे, तो दोघांचाही २२.३, दोघेही दिसावयास सडपातळ. पण अंगातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के, आणि आपल्या पुणेकर डॉक्टरांची २१.२ टक्के! इंग्रज डॉक्टर मॅरेथॉन धावणारे. आपले डॉक्टर रोज सकाळी बंद होऊ पाहणाऱ्या लिफ्टच्या दारापर्यंत धावत, असे त्यांनी स्वतःच विनोदाने नमूद केले आहे. आपल्या लोकांत बारीक अंगातही चरबी लपून बसते. याची कारणे आईच्या गर्भातील कुपोषणापर्यंत मागे जातात. पण व्यायामाचा अभाव हेही त्यांपैकी एक. म्हणून आरशाच्या साक्षीवर विसंबू नये.

व्यायामाचा शास्त्रीय विचार म्हणजे परदेशी थेर आहे, असे मात्र कोणी समजू नये. स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिले व त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे संशोधनपर नियतकालिक काढले. नौली करताना मोठ्या आतड्यातील दाब बाहेरील हवेच्या दाबाहून खाली उतरतो, हे त्यांनी दाबमापक नळी व क्ष-किरण यांच्या साह्याने दाखविले. त्यांच्या धर्मविचाराशी आमचा मतभेद असू शकेल; परंतु ‘परंपरेत सांगितले आहे’ येवढ्यावर न थांबता मोजून पाहण्याची त्यांची वृत्ती आम्हांस मनापासून आवडते. तिकडे अमरावतीस वैद्य बंधूंनी १९१४ साली काढलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकप्रसंगी देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली. आपल्या शहरातही विद्यापीठाच्या आवारात भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे केंद्र आहे. इतके सारे असून आपल्या मुलांचा पी.टी.चा तास गणितास देऊन टाकला जातो, आणि पालक त्याबद्दल शिक्षकांचे आभार मानतात!

ख्रिस्तसभेने शरीराचा तिरस्कार केला, हा आक्षेपही आम्ही ऐकतो. ‘अधिक वेगाने, अधिक उंच, अधिक बलवान’ अशा अर्थाचे ऑलिंपिकचे लॅटिन ब्रीद मूळ ज्यांच्या तोंडचे, ते आंरी दिदाँ हे डोमिनिकन धर्मगुरू होते व एका शाळेचे प्रमुख होते. संत फ्रान्सिस द सालेस यांनी भक्तिजीवनावरील आपल्या ग्रंथात मोकळ्या हवेत फिरणे व चेंडूचे खेळ यांना निर्दोष करमणुकीत गणिले. त्यांत वेळ व मन वाहून जाऊ देऊ नये, येवढाच इशारा दिला. आणि पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली कामगारांविषयी जे परिपत्रक काढले, त्यात माणसाच्या शक्तीपलीकडे त्याच्याकडून काम घेऊ नये व त्यास विसावा मिळालाच पाहिजे, हे स्पष्ट सांगितले. डेन्मार्कच्या पंडितांनी आकड्यांनी जे मांडले, त्याच्याशी हे किती जुळते पाहा! या सभेत सुपरवायझर आहेत, ठेकेदारही आहेत. त्यांस आमची विनंती आहे की, कंत्राटी मुलांकडून लागोपाठ दोन पाळ्या करून घेऊ नयेत आणि रविवार हा रविवार राहू द्यावा. दमलेल्या माणसास ‘व्यायाम कर’ असे सांगणे ही क्रूर थट्टा होय, जर त्यास झोपावयासच मिळत नसेल.

आता करावयाचे काय? जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली घालून दिलेले प्रमाण अवघड नाही. प्रौढांनी आठवड्यातून निदान दीडशे मिनिटे झपझप चालावे, आणि दोन दिवस स्नायूंस बळ देणारा व्यायाम करावा. त्यास दंड-बैठका पुरेत. मुलांस रोज सरासरी एक तास खेळ हवा. पासष्टीपुढील मंडळींनी तोल सांभाळण्याचे व्यायाम करावे, म्हणजे पडणे व हाड मोडणे टळेल. ज्यांच्या छातीत दुखते किंवा दम लागतो, त्यांनी आधी डॉक्टरांस दाखवावे. आणि घरकाम हाच आमचा व्यायाम, असे म्हणणाऱ्या भगिनींसही वरील सर्व विवेचन लागू आहे. ओट्यापाशी उभे राहणे हेही एका जागी खिळणेच होय.

मंदिरामागील पटांगण आजवर मोटारसायकली लावण्याच्या कामी येत असे. ते उद्यापासून मोकळे राहील. सकाळी साडेपाच ते साडेसहा दुसऱ्या पाळीची व वयस्क मंडळी, सायंकाळी पाच ते सहा मुले व पहिल्या पाळीचे कामगार, आणि सहा ते सात केवळ स्त्रिया, अशी वेळ ठरविली आहे. स्त्रियांच्या वेळी मुलांस सांभाळण्याचे काम पुरुष-संघाने पत्करले आहे. रात्रपाळी करून आलेल्यांनी आधी झोपावे, मगच यावे. मोटारसायकली फाटकाबाहेर, रस्त्याच्या डाव्या बाजूस लावाव्या.