कलाशाळेतील पहिले वर्ष
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत एका कला-विद्यार्थिनीने केलेले भाषण)



या व्यासपीठावरून आपण आजवर डॉक्टरीणबाईंची, वकीलबाईंची आणि थोर थोर विदुषींची भाषणे ऐकली आहेत. त्या मालिकेत अजून शिकत असलेल्या मुलीला उभे करणे हे आपले निव्वळ कौतुक आहे, हे मी जाणून आहे. "तू त्या चित्रांच्या कॉलेजात शिकतेस तरी काय, ते एकदा आम्हांला नीट सांग," अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली. तेव्हा मला ठाऊक आहे तेवढेच, म्हणजे तेथल्या पहिल्या वर्षाविषयी, मी बोलणार आहे.

पुष्कळांची अशी समजूत असते, की कलाशाळेत गेल्यावर मुलगी पहिल्या दिवसापासून निसर्गदृश्ये, देवादिकांची चित्रे आणि माणसांचे चेहरे काढू लागते. प्रत्यक्षात पहिले वर्ष असते पायाचे. त्याला फाउंडेशन असेच म्हणतात. या वर्षात रेघा मारावयाच्या, चौकोन रंगवावयाचे, भांडीकुंडी काढावयाची, कागद कापावयाचे आणि पुठ्ठ्याचे ठोकळे जोडावयाचे. घरची माणसे उत्सुकतेने विचारतात, "आज काय काढलेस?" आणि आपण दाखवतो काय, तर काळ्यापांढऱ्या चौकोनांची एक पट्टी! वर्ष सरते, कागदांची भेंडोळी कपाटावर चढते, आणि भिंतीवर लावण्याजोगे एकही चित्र घरात येत नाही. मग आई-वडिलांच्या मनात शंका येते, की फी तर भरली, पण शिक्षण कोठे आहे? ही शंका अगदी रास्त आहे, आणि तिचे उत्तर देण्याचा मी प्रयत्न करणार आहे.

त्या पट्टीपासूनच आरंभ करते. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत नऊ पायऱ्या रंगवा, आणि कोणत्याही दोन शेजारच्या पायऱ्यांतले अंतर डोळ्यांना सारखेच वाटले पाहिजे, एवढेच काम. ऐकावयास हे किती सोपे! पण पांढऱ्या रंगात काळ्याचा एक थेंब पडला की तो एकदम करडा होतो, आणि शेवटच्या पायऱ्यांना कितीही काळा घातला तरी पुरत नाही. आपल्या स्वयंपाकातला अनुभव असाच आहे. अळणी आमटीत मिठाची पहिली चिमूट चटकन जिभेला कळते. मीठ बरोबर पडलेल्या आमटीत तेवढ्याच चिमटीचा पत्ताही लागत नाही. म्हणजे सारखे दिसावे यासाठी सारखे माप घालून भागत नाही. माप वाढवीत न्यावे लागते. ही गोष्ट पुस्तकात एका ओळीत सांगून होते, पण हाताला ती कळावयास पाच-सहा पट्ट्या फुकट घालवाव्या लागतात. ज्या हाताला ती कळली, तो हात पुढे सावलीतला चेहरा रंगवताना चाचपडत नाही.

दुसरे काम भांड्यांचे. वर्गात टेबलावर तांब्या, पातेले, एखादी बाटली आणि मागे एक फडके ठेवतात, आणि चहूकडून मुलेमुली बोर्ड मांडीवर घेऊन बसतात. तांब्याचे तोंड गोल असते हे आपल्याला जन्मापासून ठाऊक आहे, म्हणून हात आपोआप गोल काढू लागतो. पण बाजूने पाहिले तर ते गोल दिसत नाही; लांबट, चपटे, लंबवर्तुळाकार दिसते. डोळे जितके वर न्यावेत तितके ते फुगते, आणि डोळे काठाच्या पातळीला आणले की त्याची नुसती एक आडवी रेघ होते. आपल्याला ठाऊक असते ते एक आणि दिसते ते दुसरे. गुरुजी वारंवार एकच सांगतात, की माहीत आहे ते काढू नका, दिसते ते काढा. याच कारणासाठी ते आम्हांला भांडी सोडून भांड्यांमधली मोकळी जागा काढावयास लावतात. तांब्या आणि बाटली यांच्यामधल्या फटीला काही नाव नाही. नाव नसल्यामुळे आपण तिच्याविषयी आधीच काही ठरवून बसलेलो नसतो, आणि ती फट बरोबर आली की तांब्या आपोआप बरोबर येतो.

आता रंगांविषयी. येथे बसलेल्या बहुतेक जणी रंगांचा एक मोठा सिद्धांत शाळेत न जाता पाळत आल्या आहेत. दुकानात खण आवडला म्हणून आपण तो तसाच बांधून घेत नाही. साडीवर टाकून पाहतो. का? कारण शेजार बदलला की रंग बदलतो, हे आपल्याला ठाऊक असते. याचा शास्त्रीय शोध लागला त्याची हकीकत मोठी गमतीची आहे. पॅरिसला गोबेलिन या नावाचा पूर्वी राजघराण्यासाठी भित्तिवस्त्रे विणणारा जुना कारखाना आहे. 1824 साली तेथल्या रंगशाळेवर शेव्रल नावाचे रसायनशास्त्रज्ञ नेमले गेले. विणकरांची तक्रार अशी, की तुमचा काळा रंग फिका पडतो. शेव्रल यांनी तो काळा तपासून पाहिला, तर त्यात दोष काहीच नव्हता. काळ्याच्या शेजारी निळे-जांभळे धागे बसत होते, आणि त्या शेजारामुळे काळ्याचे तेज हरपत होते. दोष रंगात नव्हता, शेजारात होता! 1839 साली त्यांनी या विषयावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि पुढच्या चित्रकारांनी तो आवडीने अभ्यासला. पहिल्या वर्षी आम्ही एकाच करड्या कागदाचे दोन तुकडे कापून एक काळ्यावर आणि एक पांढऱ्यावर चिकटवतो. पहिला उजळ दिसतो आणि दुसरा मळका. एकाच कागदाचे ते तुकडे आहेत यावर पाहणाऱ्याचा विश्वास बसत नाही. पैठणीचा धूपछाव पोत म्हणजे याचेच थोरले भावंड. उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या, आणि पदर हलला की तिसराच रंग झळकतो.

हे असले धडे कोठून आले, असे कोणी विचारील. आपल्या मुंबईची सर जे. जे. कलाशाळा 1857 साली निघाली, तेव्हा कलाशिक्षणाची आपली परंपरा जुनीच आहे. पण जगभरच्या कलाशाळांतून असले पायाचे वर्ग रुजले, त्यांचे एक मोठे मूळ जर्मनीत आहे. 1919 साली वायमार या गावी वॉल्टर ग्रोपियस यांनी बाउहाउस नावाची कलाशाळा काढली. तेथे योहानेस इटेन नावाच्या शिक्षकाने प्राथमिक वर्ग सुरू केला. खरखरीत-गुळगुळीत, उजेड-अंधार, जड-हलके अशा जोड्या लावून तो विद्यार्थ्यांकडून अभ्यास करून घेई. 1923 साली इटेन तेथून गेले, आणि मोहोली-नॉज व योझेफ आल्बर्स यांच्याकडे तो वर्ग आला. आल्बर्स यांच्याविषयी त्यांचे विद्यार्थी सांगत, की ते वर्गात वर्तमानपत्रांचा गठ्ठा घेऊन येत आणि सांगत, याचे असे काहीतरी करा की कागदाचा गुण दिसेल आणि काही वाया जाणार नाही. कोणी किल्ले करी, कोणी जहाजे. पण कागद नुसता उभा घडी घालून ठेवणाऱ्या विद्यार्थ्याचे काम त्यांना पसंत पडे. कारण आडवा पसरलेला कागद लुळा असतो, आणि एक घडी पडली की तो आपल्या बळावर उभा राहतो.

भगिनींनो, काही वाया जाऊ द्यावयाचे नाही हा धडा शिकावयास आपल्याला जर्मनीला जावे लागले नसते. जुनी लुगडी आणि उरलेले तुकडे जोडून गोधडी शिवणाऱ्या बायकांनी तो केव्हाच गिरवला आहे. कोणता तुकडा कोठे बसेल, विटलेल्या रंगाशेजारी कोणता रंग ठेवला म्हणजे तो उठून दिसेल, टाके किती अंतरावर घातले म्हणजे थर सरकणार नाहीत, हे सारे प्रश्न आमच्या पहिल्या वर्षातलेच आहेत. ठिपक्यांच्या रांगोळीत समतोल कसा साधावा हे ज्या हाताला कळते, त्या हाताचे पहिले वर्ष निम्मे झालेलेच असते. आणि हे मी आपल्याला बरे वाटावे म्हणून सांगत नाही. 1958 साली चार्ल्स आणि रे एम्स या अमेरिकन दांपत्याने संकल्पनाकलेच्या शिक्षणाविषयी भारत सरकारला एक अहवाल सादर केला. त्यानंतर 1961 साली अहमदाबादची राष्ट्रीय संस्था उभी राहिली. त्या अहवालात या देशातली सर्वांत सुंदर वस्तू म्हणून त्यांनी कशाचा गौरव केला असेल? आपल्या रोजच्या वापरातल्या लोट्याचा! तो कमरेवर कसा बसतो, डोक्यावर कसा तोलतो, रिकामा असताना आणि भरल्यावर हाताला कसा लागतो, धार कशी पडते, आतून घासता कसा येतो, असे कितीतरी प्रश्न त्यांनी त्या लोट्याला विचारले. हेच आम्ही पहिल्या वर्षी शिकतो. रोजची वस्तू हातात घेऊन तिला प्रश्न विचारावयाचे.

आता थोडे कडू बोलते, त्याची क्षमा असावी. त्या बाउहाउसमध्ये बायकांना प्रवेश होता, पण पायाचा वर्ग पुरा झाला की बहुतेकींची रवानगी विणकामाकडे होई. ॲनी आल्बर्स या विद्यार्थिनीला खरे तर काचकाम शिकावयाचे होते. वाट्याला आला माग. त्या मागावरच तिने असे काम करून दाखवले, की 1949 साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात तिच्या एकटीच्या विणकामाचे प्रदर्शन भरले. आपल्याकडे रावबहादूर धुरंधरांसारखा पिता लाभला म्हणून अंबिकाबाई धुरंधरांना जे. जे. मध्ये शिकता आले, आणि 1931 साली त्यांनी चित्रकलेची पदविका मिळवली. ज्यांना असा पिता लाभला नाही, अशा किती जणींची नावे आपल्याला कधीच कळली नाहीत!

हे सारे जुने झाले असे समजू नये. माझ्या वर्गातली एक मुलगी दिवाळीच्या सुटीला घरी गेली ती परत आलीच नाही. सहा महिन्यांत दाखवण्याजोगे काही नाही, कागद-रंगांचा खर्च मात्र चालूच आहे, त्यापेक्षा कॉमर्सला जा, असे घरी ठरले. तिच्या पट्ट्या वर्गात सर्वांत स्वच्छ असत. तिच्या घरच्यांनी दुष्टपणा केला असे मी मुळीच म्हणणार नाही. पैसा कष्टाचा असतो, आणि पाया जमिनीखाली असल्यामुळे घर बांधणाऱ्यालाही तो दिसत नाही. पण भिंत वर येण्याआधीच काम थांबले, तर पायाला घातलेले पैसेही बुडतात, हेही तितकेच खरे नाही काय?

दुसरी शंका हल्लीच्या काळाची. संगणकाला चार शब्द सांगितले की तो क्षणात चित्र काढून देतो; मग मुलीने नऊ पायऱ्यांची पट्टी कशाला रंगवावी? माझे उत्तर साधे आहे. यंत्र चित्र देईल, पण दहा चित्रांपुढे बसून यातले कोणते बरे आणि का, हे सांगावयास पाहणारा डोळा लागतो. पोळ्या विकत मिळू लागल्या म्हणून पोळी कच्ची आहे की भाजलेली, हे ओळखणारी गृहिणी निरुपयोगी झाली नाही. पहिले वर्ष हा डोळा घडवते. त्या डोळ्याच्या आधारावर पुढे कोणी चित्रकार होते, कोणी कापडाचे नमुने काढते, कोणी पुस्तकांची मांडणी करते, कोणी शाळेत चित्रकला शिकवते. पोट भरण्याची हमी कोणतेच शिक्षण देत नाही, आणि मीही ती देणार नाही.

म्हणून आपल्यापुढे माझी दोन मागणी आहेत. पहिली अशी, की आपल्या आळीतली मुलगी अशा वर्गाला गेली, तर पहिल्या वर्षी तिला "चित्र कोठे आहे?" असे विचारू नये. "आज काय पाहिलेस?" असे विचारावे. या प्रश्नाला ती उत्साहाने उत्तर देऊ लागली, की शिक्षण चालू आहे असे खुशाल समजावे. दुसरी मागणी जागेची. दोन खोल्यांच्या घरात अर्ध्या इम्पीरियल कागदाचा बोर्ड पसरला, की जेवणाची पाने मांडावयाची कोठे, असा प्रश्न पडतो. रंग वाळेपर्यंत लहान भावंडांना खोलीबाहेर थोपवावे लागते. आपल्या मंडळाची ही खोली शिवणवर्ग नसेल त्या दुपारी रिकामीच असते. आठवड्यातल्या दोन दुपारी ती शिकणाऱ्या मुलींना मिळाली, तर फरशी पुसून, खिडक्या लावून आणि किल्ली चिटणीसबाईंच्या हाती देऊन जाण्याची जबाबदारी मी आपल्या अंगावर घेते. कार्यकारी मंडळाने याचा विचार करावा.