पाप्यासाठी रदबदली

बारामती-इंदापूरचे कॅथलिक भाविक 1886 साली स्थापन झालेल्या पुणे धर्मप्रांतात मोडतात. कॅथलिक परंपरेत चुकलेला माणूस धर्मगुरूंपुढे पापनिवेदन करतो. धर्मगुरू ऐकून घेतात, समजावतात, प्रायश्चित्त सांगतात आणि देवाच्या नावाने क्षमा जाहीर करतात. तिथे ऐकलेला एकही शब्द त्यांना कुणापाशी, अगदी न्यायालयातही, उघड करता येत नाही. म्हणूनच मनातलं ओझं माणूस तिथे निर्धास्तपणे उतरवतो.

प्रोटेस्टंट मंडळींत पाळक भाविकांसाठी प्रार्थना करतात. पण पापाची कबुली सहसा थेट देवापाशीच दिली जाते.

दोन्हींचा पाया एकच. बायबलमधलं ‘इब्री लोकांस पत्र’ येशूला महायाजक म्हणतं. तो माणसाची दुर्बलता जाणतो आणि त्याच्यासाठी सतत रदबदली करतो. क्रुसावर त्याने मारेकऱ्यांसाठीही क्षमा मागितली. हीच करुणा फादर थॉमस स्टीफन्स यांनी 1616 मध्ये गोव्यात छापलेल्या ‘क्रिस्तपुराणा’तून मराठी ओवीत आणली.

मात्र क्षमा म्हणजे मोकळीक नव्हे. चोरलेलं परत करायचं, दुखावलेल्याची समजूत काढायची, हेही पश्चात्तापातच येतं. चुकलेल्याला परतीची वाट खुली ठेवणारी ही शिकवण प्रत्येक घराने जपावी अशीच आहे.