झाडाला ताण बसतो तेव्हा

(आकाशवाणीच्या शेती कार्यक्रमातील भाषण)



एप्रिल-मे महिना आला की चिंचणी, वरोर, डहाणू या किनारपट्टीत विहिरींचे पाणी खाली जाते आणि समुद्राजवळच्या विहिरी मचूळ होऊ लागतात. गुरे सावलीला जातात. चिकूच्या झाडाने जायचे कुठे? तरी ते तग धरते. ते कसे, हे आज पाहू.

झाडाच्या प्रत्येक पेशीत जनुके असतात. झाडाचा वाण ठरतो तो यांच्यामुळेच. यांतली काही जनुके निरोप पोचवण्याच्या कामी येतात. गावात कोतवाल दवंडी द्यायचा ना, तसेच. जमीन कोरडी पडू लागली की मुळांना ते आधी जाणवते. तिथून निरोप पानांपर्यंत जातो आणि पानात अ‍ॅब्सिसिक आम्ल नावाचे द्रव्य वाढते. हे द्रव्य ओळखणारी प्रथिने शास्त्रज्ञांना २००९ साली सापडली. ओळख पटली की पानांवरची बारीक छिद्रे मिटतात व पाणी उडून जाणे कमी होते. त्याच वेळी दुसरी जनुके जागी होतात आणि पेशीत पाणी धरून ठेवणारे पदार्थ तयार करतात. आपल्याकडे चिकूचे कलम रायणीच्या खुंटावर बांधतात. मूळ रायणीचे, पान चिकूचे. पण निरोप जोडातून वर जातोच.

मिठाचेही तसेच. खारटपणा जाणवला की काही जनुके मीठ पेशीबाहेर टाकणारी यंत्रणा चालू करतात. आपल्या खाडीतला तिवर यात तरबेज. त्याचे पान जिभेला लावून पाहा, खारट लागेल. चेन्नईच्या एम. एस. स्वामिनाथन संशोधन संस्थेने तिवरातली अशी जनुके वेगळी काढून भातात घालून पाहिली आहेत. पण हे अजून प्रयोगच आहेत. आपल्या देशात दुसऱ्या जिवाचे जनुक घातलेले पीक शेतकऱ्याच्या शेतात आहे ते फक्त कापसाचे. तेव्हा “मिठाचे जनुक घातलेले चिकूचे कलम” म्हणून कोणी महागडे रोप विकू लागला, तर फसू नका.

आता तुम्ही म्हणाल, झाड स्वतःच सांभाळते, मग आपण कशाला धडपडायचे? इथेच तर मेख आहे, बरं का. छिद्रे मिटली की पाणी वाचते, पण हवाही आत येत नाही. हवा नाही तर पानात अन्न तयार होत नाही. मग फुले गळतात, फळ बारीक राहते. ताण थोडे दिवस असला तर झाड सावरते. लांबला तर वाडी खंगते. निरोपामुळे झाडाला सवड मिळते, पाणी मिळत नाही. ते आपणच द्यायचे. त्यासाठी एवढे करा :

१. फेब्रुवारी-मार्चमध्ये विहिरीचे पाणी तपासून घ्या. पत्रकावर विद्युत वाहकता २.२५ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर असेल तर ते फार खारे समजावे. शक्य तर गोड्या पाण्यात मिसळून द्यावे. पानांवर कधीही उडवू नये.

२. पाणी खोडाशी न ओतता झाडाच्या घेराखाली आळे करून द्या. अन्न-पाणी घेणारी बारीक मुळे तिथे असतात. ठिबक असेल तर उत्तम. पाण्याची पाळी चुकवू नका.

३. आळ्यात ३-४ इंच पालापाचोळा पसरा. खोडाला मात्र टेकवू नका.

४. पहिल्या पावसाचे पाणी आळ्यात जिरू द्या, म्हणजे साठलेले मीठ खाली जाईल. नंतर मात्र पाणी तुंबू देऊ नका.

५. नवीन कलमे लावण्याआधी दोन आठवडे पाणी हळूहळू कमी करून, ऊन थोडे थोडे वाढवून काटक करा. सोसण्याची सवय लागलेले रोप वाडीत लवकर जीव धरते.

६. समुद्राच्या बाजूला सुरूच्या दोन ओळी लावा. खारा वारा अडतो.

दुपारी पान मलूल दिसले आणि सकाळी परत ताजे झाले, तर निरोप वेळेवर पोचला असे समजा व पाण्याची पाळी लवकर घ्या. सकाळीही मलूल असेल तर उशीर झाला आहे. त्याच दिवशी पाणी द्या. पानांच्या कडा करपत असतील तर मिठाचा संशय घ्या. माती-पाण्याच्या तपासणीबद्दल कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा आपल्या सहायक कृषी अधिकाऱ्याकडे चौकशी करा.

झाड बोलत नाही, पण पानातून सांगत असते. रोज सकाळी एक फेरी वाडीत मारा.