हाती घेतले ते तडीस

(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



‘समाजकार्य आणि तरुण पिढी’ या विषयावर मी बोलावे अशी चिटणीसांची आज्ञा होती. परंतु तरुणांस उपदेश करण्यापूर्वी स्वतःच्या हातून घडलेली एक चूक आपणांपुढे मांडणे मला अधिक उचित वाटते.

शाळेतून निवृत्त झालो तेव्हा ‘आता गुरुजींना वेळच वेळ’ असे जो तो म्हणू लागला, आणि खरे सांगावयाचे तर ते मला गोडही वाटले. वर्षाच्या आत ज्ञातीची कुटुंबसूची, वसतिगृहाचा निधी, वाचनालय, वधूवर नोंदणी आणि शिष्यवृत्तीचे अर्ज अशी पाच कामे मी अंगावर घेतली. सकाळी सूचीचे कागद मांडावेत, तोच निधीसंबंधी कोणी भेटीस यावे. तो जातो न जातो तोच वाचनालयाची किल्ली मागावयास कोणी उभा. दिवसभर शीण होई, पण पुरे असे एकही काम होत नसे. ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ ही म्हण मी ३६ वर्षे मुलांना शिकविली. तिचा अर्थ मात्र मला निवृत्तीनंतर कळला.

त्याच वर्षी तीन विद्यार्थ्यांचे अर्ज तपासून पुढे पाठविण्यासाठी माझ्याकडे आले होते. ते पाकीट कुटुंबसूचीच्या कागदांत राहिले. सापडले तेव्हा मुदत टळून चार दिवस झाले होते. दोघांचे कसेबसे निभावले. तिसऱ्या मुलीच्या वडिलांना पहिल्या वर्षाच्या शुल्कासाठी कर्ज काढावे लागले. मी पैसे घेऊन त्यांच्या घरी गेलो. ते शिवणकाम करतात. यंत्र थांबवून ते म्हणाले, “गुरुजी, पैशाचे राहू द्या. ‘मला सवड नाही’ एवढे आपण आधी सांगितले असते, तर मी स्वतःच नेऊन दिले असते.” त्या शब्दांनी मला जे शिकविले ते कोणत्याही पुस्तकाने शिकविले नव्हते. जमत नसता ‘हो’ म्हणणे हा भिडस्तपणा खरा, पण त्याची किंमत दुसरा मोजतो.

मी गणिताचा शिक्षक. म्हणून घरी येऊन हिशेब मांडला. तो आपणही मांडून पाहावा. समजा, पाच कामे आहेत, प्रत्येकास वीस तास लागतात आणि आठवड्यास आपणांजवळ दहा तास आहेत. प्रत्येक काम आठवड्यास दोन तास करीत गेलो, तर पाचही कामे दहाव्या आठवड्यातच संपतील. तोवर सर्वांनी वाट पाहावयाची. उलट एकेक काम पुरे करीत गेलो, तर पहिले दुसऱ्या आठवड्यात संपते, दुसरे चौथ्या, तिसरे सहाव्या, चौथे आठव्या आणि शेवटचे दहाव्या. म्हणजे शेवटच्यालाही अधिक उशीर होत नाही, आणि बाकीची चार आधीच हातावेगळी होतात! शिवाय एक काम सोडून दुसरे धरताना ‘कोठवर आलो होतो’ हे आठवण्यात जो वेळ जातो, तो या हिशेबात धरलेलाच नाही.

काही कामे दुसऱ्याच्या उत्तरासाठी थांबतात, हे खरे. म्हणून मी दोन कामांची मर्यादा ठेवली आहे : एक हातातले आणि एक वाट पाहण्याचे. एका साध्या वहीत तीन रकाने आखले आहेत : कोणास शब्द दिला, पुढचे पाऊल कोणते, आणि तारीख कोणती. दर रविवारी सकाळी ती वही उघडतो. नवे काम आले की जुने कोणते सोडावयाचे ते आधी ठरवितो. आणि सोडावयाचे ते मनातल्या मनात न सोडता कागदपत्रांसह दुसऱ्याच्या स्वाधीन करतो.

याचा अर्थ माणसाने आयुष्यात एकच गोष्ट करावी असा नव्हे. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांनी मुंबईस वकिली केली, ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले, राज्यसभेतही बसले. परंतु धर्मशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड १९३० साली आणि पाचवा १९६२ साली, वयाच्या ८२ व्या वर्षी, त्यांनी प्रसिद्ध केला. पुढील वर्षीच त्यांस भारतरत्न मिळाले. पदे आली आणि गेली. मुख्य कामाचा धागा ३२ वर्षे तुटू दिला नाही. आपली कामे लहान असतील. पण मुख्य कोणते आणि जोडीचे कोणते, हा विवेक आपणांसही करता येईल.

एक विनंती ज्ञातिबांधवांसही आहे. जो ‘नाही’ म्हणत नाही त्याच्याच डोक्यावर प्रत्येक ओझे ठेवण्याची आपली रीत आहे. त्यात त्याचा गौरव होतो असे आपणांस वाटते. पण अखेर कामही बुडते आणि माणूसही. काम सांगण्यापूर्वी ‘तुमच्या हाती सध्या काय आहे?’ एवढे विचारावे. आणि ज्याने प्रामाणिकपणे नकार दिला, त्यास समाजद्रोही समजू नये.

शिष्यवृत्तीचे काम मी सोडलेले नाही. ते माझे प्रायश्चित्त आहे, आणि त्यानंतर एकही अर्ज मुदतीबाहेर गेलेला नाही. कुटुंबसूची हे माझे दुसरे काम. निधीचा हिशेब, वाचनालयाची किल्ली आणि वधूवर नोंदणीची वही मी आज येथे सोबत आणली आहे. सभा संपताच ती अध्यक्षांच्या हाती देणार आहे. तरुणांपैकी तिघांनी पुढे यावे. तिन्ही कामे एकानेच मात्र घेऊ नयेत.