रेंजमध्ये अकरा का लिहायचे?

आज फॉर लूप. किती वेळा करायचंय हे आधीच माहीत असेल तेव्हा हा वापरायचा. माहीत नसेल, म्हणजे बरोबर पासवर्ड मिळेपर्यंत विचारतच राहायचं असेल, तर व्हाइल. त्यावर पुन्हा कधीतरी.

बेचा पाढा घेऊ. पायथनमध्ये लिहिलं: फॉर आय इन रेंज, कंसात १ स्वल्पविराम १०. खाली प्रिंट, २ गुणिले आय. रन केलं की पाढा अठरावरच थांबतो. बे दाहे वीस गायब! इथे बरेच जण वैतागून १० चे ११ करतात आणि पुढे जातात. पण तेवढ्यावर सोडू नका, कारण पायथनने शेवटचा आकडा मुद्दाम बाहेर ठेवलाय.

रजेचा अर्ज आठवा. ३ तारखेपासून ७ तारखेपर्यंत रजा. दिवस किती? सातातून तीन गेले चार, पण रजा पाच दिवसांची. तो वरचा एक दरवेळी लक्षात ठेवायचा. विसरला तर एका दिवसाचा पगार इकडचा तिकडे. त्याऐवजी लिहा, ३ पासून रजा, ८ ला कामावर हजर. आठ वजा तीन, पाच. झालं! रेंजमधला दुसरा आकडा म्हणजे ही हजर व्हायची तारीख.

एड्सगर डाइक्स्ट्रा या डच संगणकशास्त्रज्ञाने १९८२ मध्ये मोजणी शून्यापासून का करावी यावर एक छोटं टिपण लिहिलं. जमलं तर वाचाच, दोन-तीन पानांचं तर आहे. वजाबाकी केली की संख्या मिळते, हा मुद्दा त्यात आहे. शिवाय तुकडे नीट जुळतात: १ ते ५१ आणि ५१ ते १०१ असे दोन लूप लिहिले, तर ५१ ना सुटतो, ना दोनदा येतो.

पाच नावांच्या यादीत क्रमांक ० ते ४. पाचवा क्रमांक मागितला तर पायथन इंडेक्स एरर देऊन थांबतं, आणि ते बरंच आहे. सी भाषा अशी अडवत नाही. लूप एकदा जास्त फिरला, तर शेजारच्या मेमरीतलं वाचेल, नाहीतर तिथे काहीतरी लिहून ठेवेल, आणि प्रोग्रॅम कदाचित काही झालंच नाही असा चालत राहील. असला बग शोधताना रात्र जाते.

आता तुमच्यासाठी, उलटा पाढा. वीसपासून दोनपर्यंत. रेंजच्या कंसात १०, ०, उणे १. मध्ये शून्य का, ते आधी कागदावर मांडा, मग रन दाबा.