मशीन बंद, मीटर चालू



आपल्यातले अनेक जण सध्या क्लाउड शिकत आहेत. खातं उघडताना सहसा कार्ड द्यावं लागतं आणि ते बहुतेकदा अब्बांचं किंवा मोठ्या भावाचं असतं. महिनाअखेरीस अनपेक्षित बिल आलं की घरी बोलणी बसतात आणि शिकणं थांबतं. म्हणून आज एकच विषय घेतो: व्हर्च्युअल मशीनचं बिल कसं होतं?

घरचं महावितरणचं बिल आठवा. त्यात वीज आकार असतो, वहन आकार असतो आणि स्थिर आकारही असतो. घराला कुलूप लावून गावी गेलात, तरी स्थिर आकार येतोच. क्लाउडचं बिलही असंच अनेक ओळींचं असतं.

पहिली ओळ मशीनच्या वेळेची. ॲमेझॉनच्या ईसी-टू सेवेत लिनक्स मशीनचा हिशोब 2017 पासून सेकंदावर होतो, किमान 60 सेकंद. इथे मोजली जाते ती मशीन चालू असल्याची वेळ. तुम्ही काम करा किंवा जेवायला जा, दर साधारणपणे तोच. महिनाभर चालू ठेवलं तर 720 तास होतात. रोज 4 तास, महिन्यात 22 दिवस वापरलं तर फक्त 88 तास, म्हणजे जेमतेम आठवा हिस्सा.

दुसरी ओळ डिस्कची, आणि बहुतेक जण इथेच फसतात. मशीन ‘स्टॉप’ केलं की वेळेचं मीटर थांबतं. पण डिस्क तुमच्या नावावर राखलेली असते, तिचं भाडं चालूच राहतं. स्नॅपशॉटचंही तसंच. मायक्रोसॉफ्टच्या अझूरमध्ये तर मशीनच्या आतून शटडाउन केलं, तरी वेळेचं बिल थांबत नाही. पोर्टलवरून स्टॉप करून ‘डीॲलोकेटेड’ अशी स्थिती दिसली, तरच ते थांबतं.

तिसरी ओळ नेटवर्कची. बाहेरून आत येणारा डेटा सहसा फुकट असतो, आतून इंटरनेटवर जाणाऱ्या डेटाला ठरावीक मर्यादेनंतर पैसे पडतात. शिवाय ॲमेझॉनवर फेब्रुवारी 2024 पासून प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही-४ पत्त्याला तासाला 0.005 डॉलर लागतात. महिन्याचे झाले 3.60 डॉलर. पत्ता कायमचा राखून ठेवला असेल, तर मशीन बंद असतानाही हे पैसे लागतात.

मग करायचं काय? पहिल्याच दिवशी बजेटचा इशारा लावा. मात्र इशारा काही तासांनी उशिरा येऊ शकतो आणि नुसत्या इशाऱ्याने मशीन बंद होत नाही, हे ध्यानात ठेवा. सराव संपला की मशीन ‘टर्मिनेट’ करा. त्यानंतर जादा जोडलेल्या डिस्क, स्नॅपशॉट आणि राखलेले पत्ते उरलेत का, ते पाहा. हे सगळं प्रत्येक रीजनमध्ये तपासा. मुंबईच्या यादीत हैदराबादचं मशीन दिसत नाही. एक किंवा तीन वर्षांच्या करारावर सवलत मिळते, पण मशीन वापरलं नाही तरी ते पैसे भरावेच लागतात. शिकणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये.

आणि दर आठवड्याला बिलाचं पान उघडून प्रत्येक ओळ कशाची आहे, ते स्वतःला विचारा. उत्तर येत नसेल, तर तिथेच थांबून शोधा. नोकरीतही हेच कौशल्य कामाला येतं. मशीन सुरू करणारे पुष्कळ मिळतात. त्याचा खर्च सांगू शकणाऱ्याला कंपनीत किंमत असते.